साथ मंदावली तरी पुरे, की पुरती थांबवायला हवी? सीमाभागातील गावांनी निर्णय कसा घ्यावा

हे मार्गदर्शन बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि कागवाड या पट्ट्यातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, आशा कार्यकर्त्या, बचत गट आणि युवक मंडळे यांच्यासाठी आहे. साथीबाबतचे आदेश जिल्हाधिकारी आणि आरोग्य खाते काढतात, कर्नाटकात त्यासाठी २०२० चा साथरोग कायदा आहे, आणि गावाने आपल्या मनाने रस्त्यावर दगड-काटे टाकून वाट अडवणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय रुग्णवाहिका अडकून जीव जाण्याची भीतीही त्यात असते. मात्र आदेश निघण्यापूर्वीचे पहिले काही दिवस, आणि निघालेला आदेश गल्लीत प्रत्यक्ष कसा पाळला जातो, या दोन्ही गोष्टी गावाच्याच हातात असतात. त्या दिवसांत आधी ठरवायचे ते हे, की आपण साथ मंदावण्यासाठी झटणार आहोत की तिची साखळी तोडण्यासाठी. माझे मत स्पष्ट आहे : तोडणे शक्य असेल तिथे मंदावण्यावर समाधान मानू नये, आणि शक्य नसेल तिथे मंदावून मिळालेला वेळ कशासाठी वापरायचा हे पहिल्याच बैठकीत लिहून काढावे.

आधी गणित समजून घ्यावे

एक रुग्ण सरासरी किती नव्या माणसांना आजार देतो, हा साथीतला सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे. पाच हजार वस्तीचे एक गाव घ्या, रोग सर्वांनाच नवा आहे असे धरा, आणि गावातील माणसे एकमेकांत सारखीच मिसळतात असे गृहीत धरा. हा आकडा अडीच असेल आणि कोणी काहीच केले नाही, तर साथ ओसरेपर्यंत सुमारे ४,४५० जणांना लागण होते. प्रयत्न करून तो दीडवर आणला तर सुमारे २,९०० जणांना होते. आणखी नेट लावून १.१ वर आणला, तरी जवळजवळ ८८० जण आजारी पडतातच. पण तोच आकडा ०.९ झाला, तर बाहेरून आलेल्या एका रुग्णामागे, त्याला धरून, सरासरी दहा माणसांवर साखळी संपते. पाच रुग्ण बाहेरून आले तर पन्नास.

१.१ आणि ०.९ यांच्यातले अंतर गावाच्या दृष्टीने फार थोड्या कष्टांचे आहे. एक लग्न पुढे ढकलणे, दोन वडाप गाड्यांत माणसे कमी बसवणे, चार घरांना पंधरा दिवसांचा शिधा पोचवणे, एवढ्यानेही ते अंतर कापले जाऊ शकते. पण परिणामात आठशे माणसांचा फरक पडतो. म्हणून ‘आता वेग बराच कमी झाला आहे, थोडी सूट द्यायला हरकत नाही’ असे बैठकीत कोणी म्हटले, तर वेग कमी होऊन एकाच्या खाली गेला आहे की वरच थांबला आहे, हे आधी विचारावे.

एकाच्या खाली गेल्यावरही किती खाली, याला महत्त्व आहे. समजा गावात शंभर रुग्ण आहेत आणि एका रुग्णापासून पुढच्या रुग्णापर्यंत आजार पोचायला पाच दिवस लागतात. आकडा ०.९ ठेवला तर शंभरावरून एकापर्यंत यायला सुमारे २२० दिवस लागतील, आणि ०.५ ठेवला तर सुमारे ३५ दिवस पुरतील. सैल बंधने सात महिने सोसणे हे कडक बंधने पाच आठवडे सोसण्यापेक्षा गरीब माणसाला अधिक महाग पडते, कारण रोजंदारी बुडते ती दिवसांच्या हिशेबाने. याच हिशेबामुळे, जे करायचे ते लवकर आणि नेटाने करावे असा माझा आग्रह आहे. शंभराऐवजी पाचच रुग्ण असताना सुरुवात केली, तर ०.५ च्या नेटाने दोन-तीन आठवड्यांत काम आटोपते.

आता मंदावण्याच्या बाजूचा हिशेब पाहू. अडीच लाख वस्तीच्या तालुक्यात साथ मंदावून शेवटी साठ टक्के लोकांना लागण होणार असेल, म्हणजे दीड लाख रुग्ण होणार असतील, आणि त्यांतल्या शंभरात दोघांना दहा दिवस ऑक्सिजनची खाट लागणार असेल, तर तीन हजार माणसांना मिळून तीस हजार दिवसांच्या खाटा लागतात. तालुक्यात अशा शंभर खाटा असल्या, तर एकही माणूस दारातून परत जाऊ नये म्हणून साथ तीनशे दिवसांवर पसरवावी लागेल, आणि तीही दररोज अगदी सारख्या वेगाने. एवढे दिवस इतक्या अचूकपणे साथ हातात धरून ठेवणे कोणत्याही तालुक्याला जमणारे नाही. खाटांच्या क्षमतेत साथ बसवू, असे कोणी म्हणत असेल तर हे आकडे आपल्या तालुक्याच्या संख्या घालून त्याच्यापुढे मांडावेत.

रोग कोणत्या वाटेने पसरतो ते पाहावे

गणित एकच असले तरी प्रत्येक रोग साखळी तोडू देतोच असे नाही. देवीचा रोग जगातून गेला, कारण त्याच्या रुग्णाच्या अंगावर फोड स्पष्ट दिसत, फोड येण्यापूर्वी तो सहसा पसरत नसे, आणि संपर्कानंतर तीन-चार दिवसांत लस टोचली तरी ती उपयोगी पडे. रुग्ण शोधायचा आणि त्याच्याभोवतीच्या माणसांना लस देऊन कडे करायचे, या पद्धतीने भारतातील शेवटचा स्थानिक रुग्ण मे १९७५ मध्ये नोंदला गेला आणि मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. बेळगावच्या टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला जाणाऱ्यांना हे ठाऊक असावे, की देवीची लस तयार करणाऱ्या देशातील मोजक्या संस्थांपैकी एक याच शहरात होती.

२००३ मधील सार्सवर तर लसही नव्हती. आठ हजारांहून अधिक रुग्ण आणि ७७४ मृत्यू झाल्यावर तो रोग त्याच वर्षी जुलैत थांबवता आला, कारण सार्सचा रुग्ण चांगला आजारी पडल्यावरच जास्त पसरवत असे आणि तोवर तो इस्पितळात सापडे. केरळात २०१८ मध्ये कोझिकोडच्या बाजूला निपाह आला तेव्हा सतरा जणांचा बळी गेला, पण दोन हजारांहून अधिक संपर्कातील माणसांवर लक्ष ठेवून तो तिथेच रोखला गेला. अशा रोगांत मंदावण्याची भाषाच करू नये. साखळी तोडणे हाच एक मार्ग, आणि तो जमण्यासारखा आहे.

फ्लूचे तसे नाही. त्यात एका रुग्णापासून पुढच्या रुग्णापर्यंत दोन-तीन दिवसच लागतात, लक्षणे साध्या सर्दीसारखी असतात आणि कित्येकांना ती जाणवतही नाहीत. २००९ च्या स्वाइन फ्लूमध्ये विमानतळावर तपासण्या झाल्या, तरी तो पसरलाच. तिथे शाळा काही दिवस बंद ठेवणे, गरोदर स्त्रिया आणि दमेकरी यांना जपणे, आणि गंभीर रुग्णाला औषध शक्यतो पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत मिळेल असे पाहणे, म्हणजेच मंदावणे, हेच शहाणपणाचे.

कोविड या दोहोंच्या मध्ये होता. लक्षणांपूर्वी सुमारे दोन दिवस आधीपासून तो पसरे, म्हणून रुग्ण ओळखल्यावर धावणे पुरत नसे आणि संपर्कातील माणसाला तो ठणठणीत असतानाच अलग ठेवावे लागे. न्यूझीलंडने जून २०२० मध्ये आपल्याकडील साखळी शून्यावर आणून दाखवली, पण ते चहूबाजूंनी समुद्र असलेले बेट आहे; आपल्याकडे निपाणीतून कागलला जाणाऱ्या महामार्गावर कोगनोळीचा नाका उभा केला, तरी शेतांच्या बांधांवरून जाणाऱ्या पाऊलवाटा मोकळ्याच राहतात. अशा मधल्या रोगात गावपातळीवर तोडणे शक्य असते, राज्यपातळीवर कठीण असते, आणि लस येईपर्यंत प्रत्येक गावाने वाचवलेला महिना मोलाचा असतो.

गोवराला मात्र माणसे घरात बसवून आवरता येत नाही. एक रुग्ण बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो, आणि अंगावर पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून पसरवतो. तिथे पंच्याण्णव टक्के मुलांना लशीचे दोन्ही डोस मिळालेले असणे हाच बंदोबस्त. ऊसतोड मजुरांची मुले गावोगाव फिरत असल्यामुळे त्यांचे डोस सुटतात, म्हणून गळीत हंगाम सुरू होताच कारखान्याजवळच्या खोपींत जाऊन मुलांची लसीकरण कार्डे पाहण्याचे काम आशाताईंबरोबर गावाने करावे.

काही रोगांत माणसांना अलग ठेवणे निरुपयोगीच असते. पटकी किंवा गॅस्ट्रो आला तर जलवाहिनीची गळती शोधावी, विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकावी, शेवटच्या नळावर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का याची तपासणी, करावी. डेंगी असेल तर आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी, हौद आणि टायर कोरडे करावेत, कारण डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवड्याहून थोडेसेच अधिक दिवस लागतात. खानापूरच्या जंगलपट्ट्यात, आणि विशेषतः काजूच्या हंगामात गोव्याच्या सत्तरीकडे कामाला जाणाऱ्यांनी, माकडताप ध्यानात ठेवावा : तो गोचिडीपासून होतो, माणसापासून माणसाला होत नाही. त्यामुळे मेलेले माकड दिसल्यास हात न लावता वन खात्याला कळवावे आणि आजारी माणसाला वाळीत टाकू नये.

१८९६ पासून मुंबई इलाख्यात पसरलेल्या प्लेगने हाच धडा फार कडू रीतीने दिला. तेव्हा बेळगावही याच इलाख्यात होते. सरकारने शिपाई लावून घरांची झडती घेतली आणि माणसांना ओढून छावण्यांत नेले, त्याने लोक रुग्ण लपवू लागले. आणि रोग पसरत होता तो उंदरांच्या अंगावरील पिसवांमधून. गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहिलेली माणसे मात्र उंदरांपासून दूर गेल्यामुळे पुष्कळ वाचली.

पहिल्या आठवड्यात काय करावे

रोग माणसापासून माणसाला होणारा आहे आणि तो तोडता येण्यासारखा आहे असे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितले, की त्याच दिवशी घरोघरची वही सुरू करावी. घर क्रमांक, माणसे किती, साठीपुढची किती, गरोदर कोण, मधुमेह किंवा दमा कोणाला, आज ताप-खोकला आहे का, आणि गेल्या पंधरा दिवसांत पुण्या-मुंबईहून, गोव्याहून किंवा दुसऱ्या गावाहून कोण आले, एवढे रकाने पुरतात. शंभर घरांमागे दोन माणसे असली की एका दिवसात फेरी पुरी होते. फेरी रोज व्हावी. आठवड्यातून एकदा केलेली पाहणी साथीच्या मागेच राहते.

संपर्कातील माणसांची यादी करणे हे कौशल्याचे काम आहे. ‘कुठे गेला होता?’ असे विचारले की ‘कुठंच नाही’ हेच उत्तर येते, आणि ते खोटे बोलण्यासाठी दिलेले नसते. रोजच्या जाण्यायेण्याला माणूस जाणे म्हणतच नाही. त्याऐवजी एकेक दिवस धरून विचारावे. बाजाराच्या दिवशी कोणत्या वडापने गेलात, शेजारी कोण बसले होते, डेअरीला दूध घालायला कोण गेले, गिरणीवर किती वेळ थांबलात, रात्री भजनाला कोण कोण होते, मयतीला गेला होतात का. असे विचारले की दहा मिनिटांत पंधरा-वीस नावे निघतात. ही नावे चावडीवर वाचून दाखवू नयेत. ज्याच्या नावाचा एकदा बभ्रा झाला, त्याचे शेजारी पुढच्या वेळी ताप लपवतात, आणि त्या क्षणापासून तुमची वही खोटी होते.

यादीतील माणसांना घरात थांबायला सांगण्यापूर्वी त्यांच्या पोटाची आणि गोठ्याची सोय करावी. सक्ती केली तरी बंदोबस्त मोडतो तो इथेच. घरात दोन म्हशी असलेल्या कुटुंबाला बाहेर पडू नका म्हटले, तरी पहाटे पाच वाजता धार काढावीच लागते, वैरण आणावी लागते आणि डेअरीची वेळ गाठावी लागते. त्यासाठी घरच्यांनी धार काढून चरवी कुंपणाशी ठेवावी, ठरलेल्या शेजाऱ्याने स्पर्श न करता दूध आपल्या कॅनमध्ये ओतून घेऊन जावे, वैरणीचा भारा तिथेच टाकावा, आणि दुधाचे पैसे त्या घराच्या खात्यावर जमा होत असल्याचे डेअरीच्या सचिवांनी फोनवर सांगावे. सारे घरच आजारी असेल, तर जनावरे सोडवून दुसऱ्या गोठ्यात नेण्याची जबाबदारी नाव लिहून एकाला द्यावी. निपाणीकडे घरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत पाने-तंबाखू दारात पोचवणे आणि वळलेल्या विड्या दारातूनच नेणे यासाठी ठेकेदाराशी बोलावे. तो तयार नसेल तर तेवढ्या दिवसांच्या मजुरीची काही भरपाई गावाच्या वर्गणीतून करावी. हे दानधर्माच्या भावनेने करू नये. ती माणसे साऱ्या गावासाठी घरात बसलेली असतात, आणि त्यांची मजुरी हे गावाचे देणे आहे.

बंदोबस्त लागू पडतो आहे का, हे ओळखण्याची एक खूण आहे आणि त्यासाठी कोणतीही प्रयोगशाळा लागत नाही. नवा रुग्ण सापडला की त्याचे नाव आधीच संपर्काच्या यादीत होते का, ते पाहावे. नवे रुग्ण बहुतेक यादीतूनच निघत असतील, तर रोग तुमच्या कड्याच्या आत आहे आणि रुग्णसंख्या वाढताना दिसली तरी घाबरण्याचे कारण नाही. एकामागून एक रुग्ण यादीबाहेरचे निघू लागले, तर साखळी हातातून निसटली आहे. त्या वेळी यादी मोठी करावी, बाजार व समारंभ थांबवण्याची विनंती तहसीलदारांकडे लेखी करावी, आणि पुढील दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर मंदावण्याच्या आराखड्याकडे वळावे.

सीमेमुळे काय वेगळे करावे लागते

आपल्याकडची माणसे उपचारासाठी राज्याची हद्द पाहत नाहीत. कागवाड-अथणीचा रुग्ण मिरजेला जातो, निपाणीचा कोल्हापूरला किंवा गडहिंग्लजला, आणि चंदगडच्या खेड्यांतील माणसे शिनोळीवरून बेळगावात येतात. त्यामुळे रुग्ण ज्या गावचा, त्याच्या चाचणीची नोंद दुसऱ्याच राज्यातील जिल्ह्यात होते आणि गावाला बातमी उशिरा लागते. एका रुग्णापासून पुढच्यापर्यंत पाच दिवसांत पोचणाऱ्या रोगात तीन दिवसांचा उशीर झाला, तर कडे करण्यात अर्थ उरत नाही. यावर उपाय गावांनी आपापसात करावा : हद्दीपलीकडच्या प्रत्येक शेजारच्या ग्रामपंचायतीतील एक सदस्य आणि एक आशाताई यांचे फोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर असावेत, आणि आपल्या माणसाला पलीकडे दाखल केले की घरच्यांनी त्याच दिवशी दोन्ही गावांना आणि आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे.

दोन राज्यांचे नियमही एकाच वेळी बदलत नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतील आरटीपीसीआर अहवाल सक्तीचा केला, तेव्हा ज्यांचे घर एका राज्यात आणि शेत दुसऱ्या राज्यात अशांची मोठी अडचण झाली. असा आदेश पुन्हा निघाला तर हद्दीवरच्या गावांनी शेतकरी, दूधवाले आणि डायलिसिसचे रुग्ण यांची यादी पीडीओंमार्फत (ग्रामपंचायतीचे विकास अधिकारी) लगेच तहसीलदारांकडे द्यावी. आदेश कन्नडमध्ये येतो. वयस्कर मराठी माणसांना तो वाचता येत नाही, म्हणून शाळेतील शिक्षकांनी त्याचा नेमका मराठी मजकूर करून दवंडीने आणि फोनवर त्याच दिवशी पोचवावा. अर्धवट कळलेला आदेश अफवेपेक्षा फारसा बरा नसतो.

सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीची जत्रा आणि पंढरीची वारी या दोन प्रसंगी सीमेच्या दोन्ही बाजूंची माणसे एकत्र येतात. २०२० मध्ये वारकऱ्यांनी पायी वारी न करता पादुका बसने पंढरपुरास जाऊ दिल्या. इतक्या मोठ्या परंपरेने जे मान्य केले, ते गावच्या यात्रेला एका वर्षापुरते मान्य करण्यात कमीपणा नाही.

तोडणे जमले नाही तर

मग मंदावावे, पण हेतू ठरवून. लस तीन महिन्यांत येणार आहे, किंवा ऑक्सिजनचा प्रकल्प सहा आठवड्यांत सुरू होणार आहे, किंवा पेरणीपर्यंत माणसे पायांवर उभी राहायला हवीत, असे नेमके कारण कागदावर असावे आणि दर पंधरवड्याला त्याचा आढावा घ्यावा. या काळात सर्व शक्ती ज्यांना धोका अधिक त्यांच्याभोवती लावावी. वहीतील साठीपुढच्या आणि दीर्घ आजारी माणसांची औषधे महिनाभराची भरून ठेवावीत. श्वसनाचा रोग असेल तर प्रत्येक वाडीत एक ऑक्सिमीटर असावा आणि आकडा ९४ च्या खाली गेला की १०८ ला फोन करावा. १०४ ही आरोग्य सल्ल्याची सेवाही आहे. तोडणे जमले नाही म्हणून यादी ठेवणे सोडून देऊ नये, कारण शेजारच्या गावात साथ ओसरू लागली की तोडण्याची संधी पुन्हा येते, आणि तेव्हा वही तयार असणारे गावच ती साधू शकते.

बंधने उठवताना शेवटचा रुग्ण बरा झाल्याच्या आनंदात एका रात्रीत सर्व मोकळे करू नये. रोगाची लक्षणे दिसायला जास्तीत जास्त जितके दिवस लागतात त्याच्या दुप्पट दिवस एकही नवा रुग्ण नको. निपाहसाठी हा काळ ४२ दिवसांचा धरतात आणि कोविडसाठी या हिशेबाने तो २८ दिवसांचा येतो. आधी शेती आणि रोजगार, मग शाळा, त्यानंतर आठवडी बाजार, आणि सर्वांत शेवटी लग्ने व यात्रा या क्रमाने सूट द्यावी, आणि प्रत्येक दोन टप्प्यांत निदान दोन आठवडे जाऊ द्यावेत. घरोघरची फेरी रोजची आठवड्यावर आणली तरी चालेल, पण सर्व टप्पे पार पडेपर्यंत ती बंद करू नये. त्यानंतर वही ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलूपबंद ठेवावी आणि तिच्यातील फोन नंबर दर वर्षी पावसाळ्यापूर्वी एकदा लावून पाहावेत.